गर्भवतीची गोळी कोणाच्या सहीने बंद होते?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर नैराश्यावरची औषधं परस्पर बंद होतात, त्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवते. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांची चिठ्ठी आमच्याच काउंटरवर येते, आणि ती यायची थांबली की तेही सगळ्यांत आधी आम्हालाच कळतं. नैराश्यावरची गोळी दर महिन्याला नेणाऱ्या तरुण मुली आमच्याकडे आहेत. त्यांतली एखादी दोन-तीन महिने दिसत नाही आणि मग फॉलिक ॲसिडची चिठ्ठी घेऊन येते. मी हळूच विचारते, "आणि ती दुसरी गोळी?" उत्तर ठरलेलं असतं: "ती बंद केली."

कोणी बंद केली, हे विचारलं की मजा बघा. कधी सासूबाईंनी. कधी सोनोग्राफीच्या वेळी कोणीतरी "असल्या गोळ्या आता नकोत" म्हणालं म्हणून. कधी मोबाइलवर काहीबाही बघून तिने स्वतःच, घाबरून. ज्यांनी ती गोळी सुरू केली त्या मानसोपचारतज्ज्ञांना याचा पत्ताच नसतो. हे शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय मी ते देऊ शकत नाही, आणि तसंच असायला हवं. सुरू करायला चिठ्ठी, तारीख, सही सगळं लागतं. बंद करायला काहीच लागत नाही. बंद करणं हाही उपचारातला बदलच आहे, तोही सगळ्यांत मोठा, आणि तो कोणाच्याही सहीशिवाय होतो. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. पुढचं पत्र त्याच्या तपशिलासाठी आहे.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. सहावा महिना. बरेच दिवस एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम चालू होतं, तब्येत छान बसली होती, नोकरीवर जात होती. दिवस गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी गोळी बंद. आठवड्याभरात चक्कर, मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायचं, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. हा गोळी एकदम सोडल्याचा त्रास, पण घरचे म्हणाले, "दिवस गेल्यावर होतंच असं." तो त्रास ओसरला आणि पाठोपाठ मूळ दुखणं परतलं. माझ्याकडे ती आली ती झोपेची गोळी मागायला. नवरा बाहेर बाइक चालू ठेवून उभा. "अर्धी दिलीत तरी चालेल, ताई," म्हणाली. पर्समध्ये जुनी स्ट्रिप होती, चार गोळ्या शिल्लक असलेली. फेकवत नव्हती आणि खाववतही नव्हती. झोपेची गोळी मी दिली नाही. तिच्या डॉक्टरांना पुण्याला फोन लावून दिला. त्यांनी आधी विचारलं, "बंद कधी केली?" आणि मग, "मला का नाही सांगितलं?"

२००६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. आधी गंभीर नैराश्य येऊन गेलेल्या २०१ गर्भवती त्यात होत्या. ज्यांनी औषध सोडलं त्यांच्यापैकी ६८ टक्के स्त्रियांचा आजार गरोदरपणातच उलटला. ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होतं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत फरक इतका मोठा आला नाही, आणि सौम्य आजार असलेल्यांना तो तितका लागूही नाही. म्हणून प्रत्येकीने गोळी चालूच ठेवावी असं माझं म्हणणं नाही. जिचा त्रास हलका होता, जी वर्षभर ठणठणीत आहे, तिने मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू उतरवून पाहावा, जोडीला समुपदेशन घ्यावं. ज्या बाईने पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केलाय, तिचा हिशोब वेगळा. हा हिशोब तज्ज्ञाने मांडायचा असतो. आमच्या गावात तो ओट्यावर मांडला जातो.

औषधाला धोका नाही असंही नाही. पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीबद्दल बाळाच्या हृदयातल्या दोषांचा इशारा २००५ मध्येच दिला गेला. नव्याने सुरू करायला ते कोणी पहिल्या पसंतीचं मानत नाही. शेवटच्या महिन्यांत या गटातल्या गोळ्या घेतल्या तर साधारण दहातल्या तीन बाळांना पहिले काही दिवस थरथर, किरकिर, दूध ओढायला त्रास असं होतं. बहुतेकांचं आपोआप निवळतं, मात्र बाळावर लक्ष ठेवावं लागतं. फुप्फुसातल्या रक्तदाबाचा एक गंभीर विकार हजारी दोनऐवजी तीनच्या आसपास बाळांना होतो. हे सगळं आईला सांगायलाच हवं. पण उपचार न केलेल्या नैराश्यालाही किंमत असते: बाई जेवत नाही, तपासणीला जात नाही, दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा आणि बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. ही दुसरी बाजू तिला कोणी सांगत नाही.

गंमत म्हणजे जिथे भीती वाटायला हवी तिथे ती नसते. व्हॅल्प्रोएट ही फिटसाठी आणि द्विध्रुवी आजारासाठी (मन कधी फार उसळतं, कधी खचतं तो, बायपोलर) दिली जाणारी गोळी. गरोदरपणात ती चालू राहिली तर साधारण दहातल्या एका बाळात मोठं व्यंग येतं, शिवाय पुढे बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो तो वेगळाच. मूल होण्याच्या वयातल्या मुलीला ती देताना दहादा विचार करावा असं औषध. ती गोळी लग्न ठरलेल्या मुलींच्या चिठ्ठीवर मी पाहते आणि कोणी काही विचारत नाही. सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीवर मात्र घर डोक्यावर घेतात. (व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर तीही परस्पर सोडू नका, फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांकडे जा.)

आता मुद्दा आपल्याकडच्या रीतीचा. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी पुण्यात किंवा पिंपरीत राहते, मानसोपचारतज्ज्ञ तिकडचे, नाव नोंदवलेलं तिकडे. डोहाळजेवण झालं की ती माहेरी येते. नवे डॉक्टर, नवी फाइल. रक्तगट येतो, सोनोग्राफीचे रिपोर्ट येतात, शुगर येते. मानसोपचाराचा कागद येत नाही, कारण माहेरी सगळ्यांना माहीत असतं पण सासरी सांगितलेलं नसतं. किंवा नवऱ्याला माहीत असतं आणि आईवडिलांपासून लपवलेलं असतं. बाळंतपणानंतर सव्वा महिन्याने, फार तर तीन महिन्यांनी, ती परत जाते. म्हणजे नेमक्या ज्या काळात डोसकडे लक्ष लागतं त्याच काळात तिचा डॉक्टर दोनदा बदलतो.

डोसकडे लक्ष का लागतं? गरोदरपणात अंगातलं रक्त आणि पाणी वाढतं, यकृताचं काम बदलतं, आणि शेवटच्या तिमाहीत काहींना तीच गोळी अपुरी पडायला लागते. तिथे डोस वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर शरीर पूर्ववत होतं, तेव्हा तो पुन्हा पाहावा लागतो. त्यात अंगावर पाजण्याचा प्रश्न. सर्ट्रालिन दुधात अगदी थोडी उतरते, म्हणून पाजणाऱ्या आईला ती बहुधा पहिल्यांदा सुचवली जाते. फ्लुओक्सेटिन ही त्याच गटातली गोळी शरीरात रेंगाळते आणि दुधातही जास्त येते. तरी ज्या गोळीने बाई आधीपासून बरी आहे ती केवळ दुधासाठी बदलायची का, हाही विचार करावा लागतो. आणि जिच्या घरात द्विध्रुवी आजार आहे तिला नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन भलतीकडे उसळू शकतं. ही सगळी बारीक कामं कोणी करायची? ती आज कोणाच्याच कामात मोडत नाहीत.

किती बायकांचा प्रश्न आहे हा? भारतातल्या ३८ अभ्यासांचा, वीस हजारांवर मातांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण त्यात २२ टक्के निघालं. त्याआधी, २००२ मध्ये, शेजारच्या गोव्यातला अभ्यास आला होता. २७० मातांपैकी २३ टक्के सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्यात होत्या, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. गरिबी, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं, ही कारणं त्यात ठळक दिसली. म्हणजे बाळंतपणानंतर शोधायला गेलो तर उशीर झालेला असतो.

शोधायला माणसं नाहीत असं मात्र म्हणू नका. घरोघर जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत आपल्या गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि देशभर गेली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिच्या फॉर्मवर आईचा ताप आहे, दुर्गंधीयुक्त स्राव आहे, स्तनाग्रांच्या भेगा आहेत. आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का, हेही आहे. ते हवंच, बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार हजारी एकीदोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि तेव्हा एक दिवसही घालवून चालत नाही. पण जी बाई असंबद्ध बोलत नाही, नुसती गप्प झाली आहे, तिच्यासाठी रकाना नाही.

तिथे दोन प्रश्न वाढवा. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, हताश वाटतं का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेलाय का? आणि हे सासूबाई पाण्याला गेल्यावर विचारायचं, हे प्रशिक्षणात शिकवा. बेचाळिसाव्या दिवशी थांबूही नका. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही बाळासाठी आशा घरी जातेच, तिथेही विचारू द्या. आणि या कामाचे वेगळे पैसे द्या. सहा भेटींचे मिळून अडीचशे रुपये घेणाऱ्या बाईवर आणखी एक ओझं फुकटात टाकायचं असेल तर हे पत्र इथेच बाजूला ठेवलेलं बरं.

उत्तर 'हो' आलं तर पुढे काय, हे ठरलेलं नसेल तर प्रश्नालाही अर्थ नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं, चोवीस तास चालतो. तो आज रुग्णासाठी आहे. तसाच तालुक्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाने फोन करून "माझ्याकडे सातव्या महिन्यातली बाई आली आहे, ही गोळी चालू आहे, काय करू?" एवढं विचारावं आणि मानसोपचारतज्ज्ञाने तिथल्या तिथे उत्तर द्यावं, अशी डॉक्टरांसाठी वेगळी व्यवस्था त्याच यंत्रणेत बसवता येईल. सोबत एक परिपत्रक काढा: गर्भवतीची मानसोपचाराची कोणतीही गोळी त्या तज्ज्ञाशी बोलल्याशिवाय बंद करायची नाही, आणि बंद केलीच तर कोणी, कधी, का, हे लिहून सही करायची. फक्त हे माता-बाल संरक्षण कार्डावर नको. ते कार्ड घरात सगळ्यांच्या हातात फिरतं. बाईच्याच ताब्यात राहील असा वेगळा कागद करा, नाहीतर बाई गोळीबद्दल सांगणारच नाही.

औषधाचंही बोलते, कारण तो माझा धंदा आहे. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत एस्सिटालोप्राम आहे, फ्लुओक्सेटिन आहे. पण आमच्याकडच्या सरकारी चिठ्ठ्यांवर पाजणाऱ्या आईसाठी सर्ट्रालिन लिहिलेली असते आणि शेजारी "बाहेरून" असा शेरा असतो. ती माझ्या दुकानातून विकली जाते, म्हणजे हे मी स्वतःच्या गल्ल्याविरुद्ध लिहिते आहे. औषध खरेदीसाठी राज्याने २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं. त्याच्या यादीत सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम घाला, ती उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवा, आणि एका वेळी महिन्याची द्या. बाळंतिणीने तान्हं घेऊन सात-सात गोळ्यांसाठी एसटीने फेऱ्या मारायच्या, तर ती तिसऱ्या फेरीला येत नाही.

शेवटचं, दाखल करण्याची वेळ आलेल्या आईबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ मध्ये म्हटलं आहे की तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून शक्यतो वेगळं करायचं नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई-बाळाचा स्वतंत्र विभाग चालतो. आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. प्रत्येक ठिकाणी चार खाटांची एक खोली, पाळणा, गरम पाणी आणि एक जादा परिचारिका, सुरुवात यापेक्षा मोठी नसली तरी चालेल. ती खोली नसते तेव्हा घरचे बाळाला ठेवून घेतात, आईचं दूध आटतं, किंवा मग आईला दाखलच करत नाहीत.

यातलं परिपत्रक एका आठवड्यात निघू शकतं, त्याला पैसे लागत नाहीत. फॉर्म पुढच्या छपाईत बदलता येईल. सर्ट्रालिनची मागणी पुढच्या खरेदीत लावता येईल. खाटांना वेळ लागेल, ते मला समजतं. परिपत्रक निघालं तर त्याची एक प्रत औषध दुकानांनाही पाठवायला सांगा. काउंटरवर दाखवायला मला तेच लागणार आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक औषधविक्रेती, जिल्हा सातारा