पंखा बंद करणाऱ्या डॉक्टरांस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

रुग्णालयाच्या अभिप्राय-वहीत दोन ओळी लिहून मोकळे व्हावे, असे आधी मनात होते. पण हे ऋण दोन ओळींत मावणारे नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहिते आहे. तुमचे नाव मुद्दाम टाळले आहे. पदव्युत्तर शिक्षण घेता घेता थायरॉईडच्या नेत्रविकारासाठी अश्रूंचे नमुने जमवणाऱ्या तुम्ही हे वाचाल, तेव्हा ते कोणासाठी आहे हे तुम्हाला नक्की कळेल.

तुमच्याकडे मी पोचले ती ‘कोरडे डोळे’ असा शेरा असलेली चिठ्ठी हातात घेऊन. त्याआधी पुण्यातल्या चांगल्या नावाजलेल्या ठिकाणी डोळे दाखवून झाले होते. कोणी धुळीची ॲलर्जी म्हटले आणि स्कूटरवर गॉगल लावायला सांगितले, कोणी चष्म्याचा नंबर बदलून दिला, तर एका ज्येष्ठ डॉक्टरांनी वर न बघताच, या वयात असे व्हायचेच, झोप पुरी घेत जा, असे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले. टीएसएचचा, म्हणजे थायरॉईड नीट चालते का हे पाहणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट नॉर्मल होता, त्यामुळे थायरॉईडचे नाव काढायचे कोणालाच कारण उरले नव्हते. इकडे बँकेत माझ्या काउंटरवर पेन्शनसाठी येणारे एक आजोबा, ‘मॅडम, आज रागावलात का?’ असे दर महिन्याला विचारू लागले होते. माझे डोळे वटारल्यासारखे दिसतात हे त्या आजोबांना दिसले, पण तपासणीच्या खुर्चीसमोर बसलेल्यांना दिसले नाही, याचा राग अजून गेलेला नाही आणि तो लपवावा असेही मला वाटत नाही.

वैशाखातली दुपार होती आणि तुमच्या त्या लहानशा खोलीत पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. मी आत आले आणि सवयीने ओढणी डोळ्यावर धरली. वाऱ्याच्या झोताने डोळ्यांत खडे टोचल्यासारखे होई, म्हणून जिथे जाईन तिथे मी ओढणी धरतच असे. तुम्ही ते पाहिलेत, उठलात आणि काही न विचारता पंखा बंद केलात. अश्रूंचा नमुना घेताना वारा नको असा नियमच असेल, हे मला कळते. पण त्या वेळी तुम्ही अश्रू टिपायच्या कागदी पट्ट्यांचे पाकीट उघडलेही नव्हते, आणि नमुना घेऊन झाल्यावरही मी खोलीत असेपर्यंत तुम्ही पंखा पुन्हा लावला नाहीत. तुमच्या कपाळावरून घामाचे ओघळ येत होते, ते बाहीने पुसत तुम्ही माझ्याशी बोलत होतात. इतके महिने मी प्रत्येक दवाखान्यात पंख्याखाली बसून डोळे पुसत होते, आणि मला त्रास होतो आहे एवढी साधी गोष्ट ओळखणारे माणूस मला त्या दिवशी भेटले.

मग तुम्ही जे सांगितलेत तेही तितक्याच सरळपणाने. संमतिपत्र मराठीत होते, तरी तुम्ही ते वाचून दाखवलेत आणि स्पष्ट म्हणालात, ‘या नमुन्याचा तुम्हाला स्वतःला आज काहीही उपयोग होणार नाही, नको वाटले तर खुशाल नाही म्हणा.’ डोळे सारखे पाझरत असताना त्यांना कोरडे का म्हणतात, हेही मला प्रथमच कोणी समजावले: पापण्या मागे ओढल्या गेल्या की डोळा गरजेपेक्षा जास्त उघडा राहतो, अश्रूंचा पातळ थर उडून जातो, टोचू लागते आणि मग ग्रंथी पाण्याचा लोंढा सोडते, पण त्या लोंढ्याने ओलावा टिकत नाही. अश्रुग्रंथी डोळ्याच्या खोबणीतच असते आणि ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनावर, या आजारातल्या अँटिबॉडी हल्ला करतात तो तिच्यातही सापडतो. तिथला दाह वाढला की इंटरल्यूकिन-६ सारखी दाहाची खूण असलेली द्रव्ये अश्रूंत वाढलेली आढळतात, म्हणून रक्तापेक्षा अश्रू डोळ्याच्या अधिक जवळची खबर देतील अशी आशा आहे, असे तुम्ही म्हणालात. आज आजार किती सक्रिय आहे हे लाली, सूज, वेदना अशा सात लक्षणांना एकेक गुण देऊन ठरवतात, आणि सावळ्या कातडीवर पापणीची लाली चटकन उठून दिसत नाही. योग्य वेळी स्टिरॉईड सुरू करायचे की थांबायचे, हा निर्णय उद्या अश्रूंच्या थेंबावरून अधिक नेमका करता आला, तर किती जणींची दृष्टी वाचेल!

खालच्या पापणीत अडकवलेली ती ३५ मिलिमीटरची कागदी पट्टी पाच मिनिटे भिजत राहिली. ती कुपीत घालून तुम्ही बर्फाच्या डब्यात ठेवलीत, आणि तिथेच तुमचे काम संपले होते. तरी तुम्ही खिशातले पेन काढून माझ्या डोळ्यांसमोर वरून खाली हळूहळू नेलेत. एकदा, मग पुन्हा एकदा. बुबुळ खाली गेले, पापणी मात्र वरच रेंगाळली आणि मधे पांढरे दिसत राहिले, हे तुम्ही मला माझ्याच मोबाईलवर चित्रित करून दाखवलेत. बर्लिनचे नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफे यांनी हे लक्षण एकोणिसाव्या शतकात नोंदवून ठेवले आहे. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, एक पेन आणि अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट माझ्यासाठी आधी कोणालाच का सापडले नाही?

टीएसएच नॉर्मल असतानाही काही जणांना हा विकार होतो, असे सांगून तुम्ही रिसेप्टर अँटिबॉडीची तपासणी सुचवलीत आणि उद्या या असे न म्हणता मला वरिष्ठांच्या खोलीपर्यंत स्वतः घेऊन गेलात. पुढचे सगळे रीतसर झाले. रक्तात अँटिबॉडी निघाल्या, स्कॅनमध्ये डोळ्यांचे स्नायू जाडावलेले दिसले, उपचार सुरू आहेत आणि घरात कोणी तंबाखू ओढायची नाही हा नियम माझ्या यजमानांनी निमूट पाळला आहे.

हुशार डॉक्टर पुण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हुशारीचा मला आदर आहे. पण समोरच्या माणसाला उकाडा, वारा, संकोच, भीती यांतले काय होते आहे हे पाहणारी सभ्यता गर्दीच्या ओपीडीत टिकवून धरणे फार अवघड असते, आणि तुम्ही ती इतक्या लहान वयात धरली आहे. तुमच्या शिक्षकांचे आणि आईवडिलांचेही मला मनापासून आभार मानायचे आहेत.

तुलनेसाठी निरोगी माणसांचे नमुने कमी पडतात, असे तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. आमच्या शाखेतल्या काही सहकारी अश्रू द्यायला आनंदाने तयार आहेत. त्यांना पट्टीची थोडी धास्ती आहे, पण मी सगळे समजावून सांगितले आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. त्यातला कोणता सोयीचा ते कळवावे, म्हणजे मी त्यांना घेऊन येते. माझाही पुढचा नमुना हवा असल्यास तेव्हाच घ्यावा.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण, पुणे