छज्ज्याखाली उभं राहून वर बघा

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

तुम्ही घ्यायला निघालेल्या समुद्राकाठच्या घराचे फोटो मिळाले. बाबा, तुम्ही एकूण एक फोटो समुद्राच्या बाजूचे काढलेत. गॅलरी, गॅलरीतून दिसणारा समुद्र, मग समुद्राकडून दिसणारी गॅलरी. मागची भिंत, जिन्याखालची जागा, गच्ची, स्लॅबची खालची बाजू यांतलं काहीच नाही. आई, तुझाही निरोप मिळाला, की घर नुकतंच रंगवलंय आणि अगदी नव्यासारखं दिसतंय. मला धास्ती नेमकी त्याचीच आहे. विकण्याआधी रंगवलेलं घर कुठेही जरा संशयानेच बघावं, समुद्राकाठी तर जास्तच.

तिथे राहायला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. तो वाद फोनवर घालून झाला आणि मी हरले. पण जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझं रोजचं काम आहे, तेव्हा निदान घर कसं बघायचं एवढं तरी माझं ऐका. लिहूनच कळवतेय, कारण फोनवर बाबा 'हो, हो' म्हणतात आणि विषय बदलतात.

समुद्राकाठच्या घराला पाण्यापेक्षा मीठ जास्त छळतं. ताज्या काँक्रीटचा पीएच १२-१३ च्या आसपास असतो. अशा अल्कधर्मी काँक्रीटमध्ये सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो, आणि तो शाबूत असेपर्यंत सळई गंजत नाही. हवेतलं मीठ भिंतीवर, छज्ज्यावर बसत राहतं आणि काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर्षानुवर्षं आत झिरपतं. त्यातलं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की तो थर जागोजागी तुटतो आणि गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. आत तेवढी जागा नसते, म्हणून तो बाहेरचं काँक्रीट फोडतो. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग, मग तांबूस ओघळ, मग ढपलीच निखळून खाली. भेग दिसेपर्यंत आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. तिच्यात लांबी (पुट्टी) भरून वर रंगाचे दोन हात मारले की आणखी काही काळ काहीच दिसत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न सळईच्या कव्हरचा असतो. सळई आणि बाहेरची हवा यांच्या मध्ये किती काँक्रीट आहे, आणि ते किती घट्ट आहे? भारतीय मानक आयएस ४५६ (सन २००० ची आवृत्ती) किनारपट्टीच्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला 'सिव्हिअर' गटात टाकतं आणि त्यासाठी किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट (हा आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत) व ४५ मिलिमीटर कव्हर मागतं. समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. समुद्रापासून दूर, कोरड्या आणि आडोशाच्या जागी हेच मानक २० मिलिमीटरवर भागवतं. फरक केवढा आहे बघा. तरी गवंड्याचा हात सगळीकडे सारखाच चालतो. सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, खाली ठेवायचे विसरले, किंवा काँक्रीट ओतताना माणसं सळयांच्या जाळीवरून चालली आणि जाळी खाली बसली, तर नकाशावरचे ४५ प्रत्यक्षात १५ सुद्धा उरत नाहीत. हे डोळ्यांनी कळणार नाही. पण कव्हर मीटर नावाचं उपकरण असतं, ते भिंतीवरून फिरवलं की काही न फोडता सळईची खोली कळते. घरमालक याला नाही म्हणाला तर ते नाही म्हणणंही लक्षात ठेवा.

उपकरण येईपर्यंत तुम्हाला दोघांना करता येण्यासारखं पुष्कळ आहे. बाबा, समुद्राकडे पाठ करा आणि छज्ज्याखाली, गॅलरीखाली उभं राहून वर बघा. लोकांना वाटतं की पावसाचा मारा लागतो तो भाग आधी खराब होतो. मिठाच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटं असतं. पावसात भिजणाऱ्या पृष्ठभागावरचं मीठ निदान काही प्रमाणात धुतलं जातं. छज्ज्याची खालची बाजू, जिन्याखालची जागा, स्टिल्टचं (खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्याचं) छत इथे वारा मीठ आणून टाकतो आणि ते धुवायला कोणी येत नाही. माझ्या कामातले सगळ्यात वाईट स्लॅब मी अशाच आडोशाच्या जागी बघितलेत. तिथे सरळ रेषेत भेगा दिसतात का, रंगाचा एखादा चौकोन बाकीच्यापेक्षा गुळगुळीत आहे का, ते बघा. मग एखाद्या लहान हातोडीने किंवा जाड किल्लीने हलकेच ठोकत चला. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं. थर सुटलेला असेल तिथे आवाज भद्द येतो. आई, हे काम तू कर. बाबांना ऐकू कमी येतं आणि ते मान्य करत नाहीत.

दुसरा प्रश्न बांधकामाच्या पाण्याचा, आणि तो फारसं कोणी विचारत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि बोअर बऱ्याचदा मचूळ असतात. तेच पाणी काँक्रीट कालवायला वापरलं, तर मीठ बाहेरून यायची वाट बघावी लागत नाही, ते पहिल्या दिवसापासून आतच असतं. आयएस ४५६ नुसार सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. वाळूचंही तेच. न धुतलेली समुद्राची वाळू वापरणं अनेक ठिकाणी घडलंय. १९९९ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा कोसळलेल्या काही इमारतींच्या काँक्रीटमध्ये शिंपले सापडले होते. तेव्हा विक्रेत्याला गप्पांच्या ओघात विचारा, की बांधताना पाणी कुठून आणलं, टँकर होता की आवारातलीच विहीर. सिमेंट कुठलं वापरलं तेही विचारा. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय अॅश (कोळशाची राख) मिसळलेलं असेल तर चांगलं, त्याचं काँक्रीट क्लोराइड सहज आत येऊ देत नाही. फक्त त्याला पाणी मारायचं काम जास्त दिवस करावं लागतं. साध्या सिमेंटला मानक किमान ७ दिवस सांगतं, मिश्र सिमेंटला १०. घाईत उरकलेल्या कामात नेमकी हीच गोष्ट हुकते.

'सळया इपॉक्सी लावलेल्या आहेत', म्हणजे गंजू नयेत म्हणून त्यांना रेझिनचा लेप दिलाय, असं कोणी छाती पुढे काढून सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला. अमेरिकेत फ्लोरिडा कीज या बेटांवरच्या पुलांना इपॉक्सीच्या सळया वापरल्या होत्या, तरी समुद्राच्या पाण्याजवळच्या खांबांत त्या थोड्याच वर्षांत गंजलेल्या आढळल्या. सळई वाकवताना, ओढताना लेप खरचटतो, आणि गंजाला तेवढी फट पुरते.

आणखी एक. घर तपासायला कोणी माणूस आला आणि त्याने काँक्रीट थोडं फोडून त्यावर एक द्रव शिंपडला, काँक्रीट गुलाबी झालं, आणि तो म्हणाला 'सगळं उत्तम', तर तेवढ्यावर विसंबू नका. ती फिनॉल्फ्थेलिनची चाचणी. काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा पीएच उतरलाय, एवढंच ती सांगते. मिठाबद्दल ती अवाक्षर बोलत नाही. छान गुलाबी झालेल्या काँक्रीटच्या आतही क्लोराइडने सळई पोखरलेली असू शकते. किनाऱ्यावर वेगवेगळ्या खोलीवरून ड्रिलने भुकटी काढून प्रयोगशाळेत तिच्यातलं क्लोराइड मोजून घ्यावं लागतं. आत जाता जाता प्रमाण कसं घटतंय यावरून मीठ कुठवर पोचलंय आणि सळई अजून किती लांब आहे, हे कळतं. समुद्राकाठच्या घराची एकच चाचणी करता येणार असेल तर मी हीच करेन.

आता गच्ची. मला तिचा एकही फोटो आला नाही याचा खरंच राग आलाय. अमेरिकेत मियामीजवळच्या सर्फसाइडमध्ये २४ जून २०२१ ला चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत मध्यरात्रीनंतर कोसळली आणि ९८ माणसं गेली. १९८१ मध्ये बांधलेली, अगदी समुद्राला लागून. त्याच्या तीन वर्षं आधी, २०१८ मध्ये एका अभियंत्याने अहवालात लिहून ठेवलं होतं, की पोहण्याच्या तलावाभोवतालचा स्लॅब सपाट आहे, त्याला पाणी वाहून जायला उतार नाही, वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान होतंय. इमारत पडायला एकच कारण नसतं. पण सपाट स्लॅबवर पाणी साचून राहणं ही काय चीज आहे हे त्या अहवालात स्वच्छ दिसतं. तुम्ही गच्चीवर बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. पाणी निघून जायच्या जाळीकडे गेलं तर ठीक. मध्येच तळं झालं तर त्या तळ्याच्या बरोबर खाली कुठली खोली येते, ते पाहून तिथलं छत बघा. पाइप गच्चीतून खाली उतरतो तिथली कडाही बघा, गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

वाऱ्याचं थोडक्यात सांगते. घराला पत्र्याचं किंवा कौलारू छप्पर असेल तर ते भिंतीशी कशाने बांधलंय ते विचारा. वादळात वारा छप्पर खाली दाबत नाही, वर उचलतो. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळाने फ्लोरिडात हे दाखवून दिलं. तिथे अनेक घरांचं छप्पर उडालं ते खिळे कमी मारल्यामुळे किंवा चुकीच्या जागी मारल्यामुळे. वासे आणि भिंत यांच्यात धातूच्या पट्ट्या हव्यात, आणि पट्ट्या गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस हव्यात.

स्टेनलेसवरून आठवलं. ग्रिल, कठडे, बिजागऱ्या सगळं स्टेनलेस आहे असं तुम्ही कळवलंत. कुठल्या ग्रेडचं? ३०४ समुद्राच्या हवेत तपकिरी डाग धरतं. ३१६ मध्ये साधारण २ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते जास्त टिकतं. दिसायला दोन्ही सारखीच, आणि चुंबक लावूनही फरक कळत नाही, तेव्हा बिल बघणं हाच उपाय. अॅल्युमिनियमच्या खिडकीला साधे लोखंडी स्क्रू मारलेत का, तेही बघा. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल, की त्यांतला एक झपाट्याने झिजतो.

आई, भिंतीला ओल असली तर पुन्हा रंग काढून घेऊ असं तू म्हणालीस. ती ओल गळतीची नसेल तर रंगाने जाणार नाही. भिंतीत मुरलेलं साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ती ओढून घेऊन पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांपासूनच. म्हणजे पाइप कोरडे, छप्पर शाबूत, तरी भिंत ओली. गिलाव्यावर पांढरी भुकटी दिसली, रंगाचे पोपडे नखाने निघाले, तर तो गिलावा काढावाच लागतो. कपाटामागची, पलंगामागची भिंत बघ. लोक सामान नेमकं तिथेच लावून ठेवतात.

शेजारच्या इमारतींनाही थोडा वेळ द्या. त्याच बिल्डरची, तेवढ्याच अंतरावरची, दहा-पंधरा वर्षं जुनी एखादी इमारत सापडली तर तिच्याभोवती एक फेरी मारा. तिथल्या माणसांना विचारा, ग्रिल किती वेळा बदललं, एसीचं बाहेरचं युनिट किती वर्षं टिकलं. विक्रेता सांगणार नाही ते तिथे सहज कळेल. आणि तुमच्यापेक्षा दोन गल्ल्या आतलं एखादं घर मिळत असेल तर तेही बघून ठेवा. हवेतल्या मिठाचं प्रमाण किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरमध्येच झपाट्याने उतरतं. समुद्र गॅलरीतून दिसणार नाही, चालत जाऊन दिसेल.

बाबा, हे वाचून तुमचा चेहरा पडला असेल ते मला इथून दिसतंय. पण एक सरळ विचारते. चाळिशीतल्या माणसाने असं घर घेतलं तर दर दोन-तीन वर्षांनी परांची बांधून, मिस्त्री शोधून तो दुरुस्ती करून घेईल. तुम्हाला ते करायला लावायचं नाही, आणि मी लांब आहे. म्हणून मी तुमच्यासाठी बघते ते घर किती मजबूत आहे यापेक्षा ते तुमच्याकडून किती कमी मागेल. जोतं रस्त्यापेक्षा उंच आहे पण पायऱ्या थोड्या आहेत, कठडा हातात पक्का बसतो, गच्चीवर जायला सरळ जिना आहे आणि शिडी नाही, असं घर दोन खोल्या कमी असल्या तरी मला चालेल.

सध्या एवढंच करा. काहीही सही करू नका, विसारही देऊ नका. विक्रेत्याकडून मंजूर नकाशा, स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि आधी झालेल्या दुरुस्तीची बिलं मागून घ्या. भुकटीच्या चाचणीला त्याची हरकत नाही ना, ते विचारा. तो हो म्हणाला की मी रजा टाकून येते, कव्हर मीटर माझ्याकडे आहेच. तोवर मला गच्चीचे, जिन्याखालचे आणि छज्ज्यांच्या खालच्या बाजूचे फोटो पाठवा. उजेडात काढा. आणि आई, फोटो तू काढ.

तुमची,
लेक