आयुक्त महोदय, करंडक नकोत, संध्याकाळी एक खोली द्या

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका

सविनय नमस्कार.

बुद्धिबळासाठी काही करायचे म्हटले की एका दिवसाची स्पर्धा, मंडप, पाहुणे आणि करंडक एवढेच सुचते. आमची मागणी याहून स्वस्त आहे. पालिकेच्या एखाद्या शाळेतली एक खोली रोज संध्याकाळी ६ ते साडेआठ क्लबसाठी उघडी ठेवा. पूर्व भागात, अशोक चौकाच्या आसपास मिळाली तर उत्तम. तिथे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्या माध्यमांची मुले येतील, आणि चालींची नोंद सगळ्यांची एकच असते.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून पालक विचारतात, "क्लास कुठे आहे?" क्लास वेगळा, क्लब वेगळा. क्लबमध्ये नववीतली मुलगी आणि निवृत्त गिरणी कामगार समोरासमोर बसतात. डाव संपला की उठून जायचे नाही. चालींच्या कागदावरून तो पहिल्यापासून पुन्हा लावायचा आणि कुठे घसरले ते दोघांनी शोधायचे. चूक सापडते ती बहुधा मात होण्याच्या दहा-बारा चाली आधी, जिथे हरणाऱ्याला सगळे ठीक वाटत होते. ही सवय कुठलाही करंडक लावत नाही.

मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळून तयार झालेली मुले खऱ्या पटावर अडखळतात. फोन चुकीची चाल करूच देत नाही, पटावर ती होते आणि दुसऱ्या बेकायदा चालीला डाव जातो. हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करताना राजाआधी हत्तीला हात लावला, तर त्या चालीला त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही. ज्या हाताने चाल, त्याच हाताने डावाचे घड्याळ दाबायचे. फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, मानांकन मिळवायला आधीच मानांकन असलेल्यांशी किमान ५ डाव खेळावे लागतात. त्यासाठी अडीचशे किलोमीटरवर पुण्याला जायचे, मुक्काम करायचा आणि घड्याळ दाबायला विसरून हरायचे, हा फार महागडा धडा झाला. तो इथे फुकटात घेता येतो.

खोली देताना बाकांकडे मात्र बघा. शाळेचा बाक अरुंद असतो, काही तर उतरते. साडेपाच सेंटीमीटर घरांचा पट काठासकट जवळपास अर्धा मीटर होतो. तो लोंबकळतो आणि कोपऱ्यातले हत्ती आधी खाली जातात. ११० बाय ८५ सेंटीमीटरची सपाट टेबले हवीत, नाहीतर दोन बाक जोडून वर प्लायवूड टाकू. ट्यूबलाइट टेबलांच्या वर हवी. खेळाडूच्या पाठीमागे असली तर त्याचीच सावली पटावर पडते.

साहित्य आम्ही वर्गणीतून आणू: ३२ जणांसाठी १६ पट, साडेनऊ सेंटीमीटर उंच राजाचे, बुडाला वजन भरलेले मोहरे आणि डिजिटल घड्याळे. हलके मोहरे नकोत; सोलापूरच्या मे महिन्यात पंखा कोण बंद ठेवणार, आणि वाऱ्याने प्यादी डोलतात. प्रत्येक संचात दोन्ही रंगांचा एकेक वजीर जादा हवा. प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्याचा वजीर करता येतो; जादा वजीर नसला की मुले हत्ती उलटा ठेवतात, पण नियमाने उलटा हत्ती हा हत्तीच. हे साहित्य ठेवायला कुलूप लागणारे एक कपाट द्या. मुलींसाठी पाणी असलेले स्वच्छतागृह हवे, त्यावर तडजोड नको.

क्लब बंद पडतात ते खेळाडू नाहीत म्हणून क्वचितच. किल्ली नसते म्हणून जास्त. शिपाई रजेवर, खोली परीक्षेला, मग निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. दोनदा दार बंद दिसले की तिसऱ्या दिवशी मुले येत नाहीत. म्हणून तोंडी परवानगी नको. लेखी आदेश काढा, त्यात किल्लीची एक प्रत क्लबच्या जबाबदार सभासदाकडे राहील असे नमूद करा, आणि खोली हवी असेल त्या दिवसांची सूचना आठवडाभर आधी मिळेल असेही. वीजबिलाचा वाटा आम्ही भरू.

आपले,
सोलापुरातील बुद्धिबळ खेळाडू व पालक