‘किती माणसं होती दोरीला?’ असं विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

मासेमारीवरचा तुमचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आला, शेवटच्या आभारांत बाबांचं नाव दिसलं, आणि तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात आहे. फोनवर ‘थँक्यू मॅडम’ म्हणून झालं, पण तेवढ्यानं भागेना. म्हणून हे जाहीर पत्र.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून दोरीनं किनाऱ्याला ओढायचं मोठं जाळं, ओढत म्हातारा झालेला माणूस म्हटल्यावर आमच्याकडे पाहुण्यांना तोटा नव्हता. एक साहेब गाडीतून न उतरताच फॉर्म भरून घेऊन गेले. दुसरे मोठ्या संस्थेतले. बाबा बोलत असताना घड्याळ बघत होते, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘आठवणी छान आहेत हो, पण हा काही डेटा नव्हे.’’ बाबांना ते ऐकू गेलं. कान अजून तिखट आहेत त्यांचे. नुसत्या माना डोलावून फोटो काढून गेलेले वेगळेच.

तुम्ही मान डोलावली नाहीत. बाबा मोरीबद्दल, म्हणजे शार्क माशाबद्दल, म्हणाले, ‘‘तेव्हा मोरी इतकी गावायची, रापण वडूक माणसां कमी पडायची.’’ तुम्ही लिहिता लिहिता थांबलात आणि विचारलंत, ‘‘त्या दिवशी किती माणसं होती दोरीला?’’

एवढंच. बाबा तुमच्याकडे बघत राहिले, मग उठून माळ्यावरून वह्या घेऊन आले. आईनं रद्दीत काढलेल्या. वाटे करायचे म्हणून दर खेपेला दोरीला कोण कोण होतं त्यांची नावं, मासळी कुठली आणि किती, विकली किती, घरच्या कालवणाला काढली किती, सगळं त्यात. खाऱ्या हवेनं पानं एकमेकांना चिकटलेली. ती तुम्ही पट्टीनं हळूहळू सोडवलीत आणि फोटो काढण्याआधी प्रत्येक वहीला बाबांची परवानगी घेतलीत.

चहा पिताना तुम्ही डॅनियल पॉली यांच्याबद्दल सांगितलंत, ते आमच्या घरात अजून निघतं. पॅरिसमध्ये जन्मलेला, जर्मनीत शिकलेला, फिलिपिन्समध्ये वर्षानुवर्षं काम करून कॅनडाला गेलेला हा शास्त्रज्ञ. त्याचा 1995 चा लेख अवघ्या एका पानाचा. म्हणणं असं, की मासळीवर काम करणारी प्रत्येक पिढी आपण सुरुवात केली तेव्हाचा समुद्र हाच मूळचा धरते, आणि आधी काय होतं ते हिशेबातून गळतं. त्यात एका सहकाऱ्याच्या आजोबांची गोष्ट आहे. 1920 च्या दशकात डेन्मार्कजवळच्या समुद्रात त्यांच्या बांगड्याच्या जाळ्यांत मोठमोठे ट्यूना अडकायचे आणि आजोबा वैतागायचे, कारण त्यांना गिऱ्हाईकच नव्हतं! बाबा हे ऐकून खो खो हसले. जगात आपल्यासारखाच वैतागणारा कुणी होता, याचाच त्यांना आनंद.

पॉलींच्या गटानं पुढं 2016 मध्ये दाखवलं, की 1996 साली जगातली मासेमारी सुमारे 13 कोटी टनांवर गेली होती, आणि सरकारी नोंदींत मात्र 8.6 कोटीच होती. मधल्या फरकात लहान मच्छीमारांची, घरी खाल्लेली आणि समुद्रात परत फेकलेली मासळी. कालवणाचा रकाना तुम्ही इतका निरखून का बघत होतात, ते मला तेव्हा कळलं.

आणि तरी तुम्ही आमच्या बाजूनं वाहवत गेला नाहीत, हे मला जास्त आवडलं. मोरी गेली, आता पेडव्यांसारख्या बारक्या मासळीवर आलोय, सगळा दोष पर्ससीनवाल्यांचा, म्हणजे यांत्रिक बोटींतून मोठ्या जाळ्यांनी थवेच्या थवे घेरणाऱ्यांचा, असं मी तावातावानं म्हणालो. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की पेडवे-बांगडे पाण्याच्या तापमानावरही कमीजास्त होतात, एका घराच्या वह्यांवरून एवढं ठोकून सांगता येणार नाही. चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं, असं आपल्याकडे सर्रास समजतात. मला तर वाटतं, गरिबाचं बोलणं तपासून बघण्याच्या लायकीचं मानणं, हाही चांगुलपणाच. तो फार थोड्यांकडे असतो, शिकलेल्यांत तर विचारूच नका.

बाबांना तुमचा पेपर मराठीत सांगितला. दुसरा तक्ता त्यांना मान्य नाही. त्यातला एक आकडा तुम्ही वहीतून चुकीचा वाचलाय, तो 7 नसून 1 आहे, असं ते छातीठोक सांगतात. अक्षर त्यांचंच, तेव्हा दोष कुणाचा ते तुम्ही दोघं बघून घ्या. वही काढून ठेवली आहे. पावसाआधी या.

तुमचा,
रापणकाराचा मुलगा