पडद्यावरचा राक्षस आणि समोरचा राक्षस

टँपा, फ्लोरिडा
११ जानेवारी २०२६

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. मे महिन्यात तुम्ही सगळे येताय, काकूसुद्धा, हे कळल्यापासून आरतीने पाहुण्यांची खोली आवरायला घेतली आहे. 'ऑरलँडोसाठी दोनच दिवस आहेत, डिस्नी करू की युनिव्हर्सल?' असं तू विचारलंस. फोनवर झटकन सांगता आलं असतं, पण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून निवांत लिहितो.

डिस्नी आणि युनिव्हर्सल या दोघांच्या थीम पार्कची तुलना करताना लोक राइडचा वेग आणि उंची मोजत बसतात. नुसता वेग हवा असेल तर खोपोलीला इमॅजिका पार्कची नायट्रो रोलरकोस्टर आहेच, त्यासाठी सातासमुद्रापार यायला नको. ऑरलँडोला यायचं ते गोष्टीच्या आत शिरायला. राइडमधून उतरल्यावर मी स्वतःला एकच विचारतो: आत काय पाहिलं ते आठवतंय, की पोटात गोळा आला तेवढंच आठवतंय? आणि इतकी वर्षं इथे जाऊन माझं मत पक्कं झालंय की समोर खरी, वजनदार, हलणारी वस्तू असेल तर ती मनात घर करते. पडद्यावरचं चित्र कितीही देखणं असो, गाडी पार्किंगमधून बाहेर काढेपर्यंत पुसट होतं.

तुझ्या चाकणच्या लाइनवरचंच उदाहरण देतो. मोटारींना वेल्डिंग करणारा रोबोचा हात तू रोज बघतोस. तशाच कुका कंपनीच्या हाताच्या टोकाला युनिव्हर्सलने चार माणसांचा बाक बसवला आणि २०१० साली आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या पार्कमध्ये हॅरी पॉटरची 'फॉरबिडन जर्नी' सुरू केली. हा हात एका जागी उभा नाही, तो तुम्हाला घेऊन पुढे सरकतो, आणि उडण्याच्या प्रसंगांत घुमटासारखे वाकवलेले पडदे बाकाबरोबर फिरतात, त्यामुळे चित्र आणि बाक यांची सांगड सुटत नाही. यांत्रिकीचा असा नमुना बघताना तू हरखून जाशील. पण पडद्यावर उडताना बऱ्याच जणांना मळमळतं, आणि माझ्या लक्षात राहतो तो मधल्या अंधारात अंगावर येऊन पाणी उडवणारा प्रचंड कोळी. तो खरा तिथे असतो. शिवाय रांग! किल्ल्याच्या आतून जाताना भिंतीवरची तैलचित्रं आपसात बोलत असतात. वहिनींना राइडमध्ये बसायचं नसलं तरी त्या रांगेतून त्यांना नक्की फिरवून आण.

आता गंमत बघ. गेल्या वर्षी २२ मेला युनिव्हर्सलने एपिक युनिव्हर्स हा नवा पार्क उघडला. त्यात 'मॉन्स्टर्स अनचेन्ड' नावाची राइड आहे. तिथेही रोबोचाच हात, पण पडद्यांवरचा भर जवळजवळ गेलेला. ड्रॅक्युला, लांडगामाणूस, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस हे सगळे हलणारे पुतळे, आणि हात आपल्याला त्यांच्या तोंडाशी नेऊन परत ओढतो. ज्या कंपनीने वर्षानुवर्षं पडद्यावर मदार ठेवली, तीच आता पुतळ्यांकडे वळली हे बघून मला मनापासून आनंद झाला.

पडदा वापरूनही मला पुरेपूर पटलेली एक जुनी राइड आहे, १९९९ ची 'स्पायडरमॅन'. तिथली गाडी रुळावरून पुढेही जाते आणि जागच्या जागी हेलकावेही खाते. तुम्ही सरकाल तसं पडद्यावरचं चित्रही कोन बदलत जातं, त्यामुळे खऱ्या विटांची भिंत कुठे संपली आणि चित्र कुठे सुरू झालं ते कळत नाही. आगीची धग खरोखर तोंडावर येते. शेवटी इमारतीवरून खाली कोसळल्यासारखं वाटतं, पण गाडी प्रत्यक्षात खाली पडतच नाही.

डिस्नीकडे येतो. काकूंसाठी मी 'हाँटेड मॅन्शन' आधीच ठरवून ठेवलंय. १ ऑक्टोबर १९७१ ला डिस्नीचं मॅजिक किंगडम पार्क उघडलं त्या दिवसापासून ते चालू आहे. धक्के नाहीत, उलटंपालटं होणं नाही, अखंड साखळीवर सरकणाऱ्या बग्ग्या आहेत, आणि जे बघायचं तिकडे बग्गीच तुमचं तोंड वळवते. त्यातला नाचाचा दिवाणखाना मी किती वेळा पाहिला तरी पुन्हा बघावासा वाटतो. आपल्यासमोर एक अवाढव्य काच असते, ती दिसत नाही. नाचणारे पुतळे खरं तर आपल्या वर आणि खाली, अंधारात दडवलेले. त्यांच्यावर दिवा पडला की काचेत प्रतिबिंब उमटतं आणि रिकाम्या दालनात आरपार दिसणारी भुतं गिरक्या घेऊ लागतात. दिवा गेला की भूत गेलं. ही युक्ती जॉन पेपर यांनी १८६० च्या दशकात लंडनच्या रंगमंचावर गाजवली होती. एक काच आणि थोडा उजेड, आणि एवढ्या वर्षांनी मुलं अजून आईचा हात घट्ट धरतात.

वस्तूची किंमतही मोजावी लागते, हे डिस्नीच्याच ॲनिमल किंगडम पार्कमधल्या 'एक्सपिडिशन एव्हरेस्ट'वर दिसतं. ही २००६ ची राइड. तिच्यासाठी उभारलेला डोंगर २०० फुटांना जेमतेम अर्धा फूट कमी आहे, कारण २०० फूट झाले की विमानांसाठी लाल दिवा लावावा लागतो आणि हिमालयावर लाल दिवा कसा शोभणार? रांगेत देऊळ आहे, दुकान आहे, यतीचं छोटं संग्रहालय आहे. गाडी वर जाते, तर पुढचे रूळ उखडलेले! मग अंधारात उलटी मागे घसरते. शेवटी गुहेत दुमजली घराएवढा यती हात उगारून उभा. राइड सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याची हालचाल बंद पडली. तेव्हापासून त्याच्यावर दिव्यांची उघडझाप करून हालचालीचा भास निर्माण करतात. डिस्नीने तो दुरुस्त करायलाच हवा असं मला कळकळीने वाटतं. तरीसुद्धा क्षणभर दिसणारा तो थिजलेला यती मला पडद्यावरच्या धडधाकट राक्षसापेक्षा जास्त घाबरवतो. त्याच भागात त्यांनी 'आनंदपूर' नावाचं काल्पनिक राज्य वसवलंय. पडका राजवाडा, त्यात खरे वाघ, भिंतींवर विटलेल्या जाहिराती. काकूंना ते फार आवडेल.

तिथलीच 'फ्लाइट ऑफ पॅसेज' (२०१७) मात्र जवळपास सगळी पडद्यावर आहे. इमॅजिकाच्या 'आय फॉर इंडिया'त पाय लोंबकळत ठेवून आपण उडतो, त्याच जातीची, पण इथे मोटरसायकलवर बसल्यासारखं बसायचं. आणि पायांच्या मधला 'अवतार' सिनेमातला तो उडणारा प्राणी श्वास घेतो, त्याच्या बरगड्या फुगताना गुडघ्यांना जाणवतात. माझ्या मते सगळी जादू त्या श्वासात आहे.

आता माझ्या दोन सर्वांत लाडक्या. डिस्नीच्या हॉलिवूड स्टुडिओजमधली स्टार वॉर्सची 'राइज ऑफ द रेझिस्टन्स' डिसेंबर २०१९ ला आली. सगळं मिळून ती पाव तासाहून जास्त चालते. आधी तुम्ही एका यानात उभे राहता, ज्या दारातून आत गेलात तेच दार उघडतं, आणि बाहेर भलत्याच जागी पन्नास स्टॉर्मट्रूपर, म्हणजे शत्रूचे पांढऱ्या चिलखतातले सैनिक, रांगेत उभे! उभं राहिलेलं ते दालनच फिरलेलं असतं. पुढे बिनरुळांच्या गाड्या खऱ्या आकाराच्या चालत्या रणगाड्यांच्या पायांखालून पळतात. त्याच वर्षी जूनमध्ये युनिव्हर्सलने हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या धिप्पाड हॅग्रिडची मोटरबाइक आणली. कुणी बाइकवर, कुणी साइडकारमध्ये. झाडीतून सात वेळा जोराची ढकल मिळते, उभ्या चढावरून गाडी मागे परत येते, आणि मग रुळाचा तुकडाच खाली पडतो. वाटेत हॅग्रिड स्वतः उभा असतो, हात हलवतो, बोलतो. पहिल्या दिवशी लोक दहा-दहा तास रांगेत उभे होते.

म्हणून माझं म्हणणं असं. एक दिवस आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर, एक दिवस हॉलिवूड स्टुडिओज. हॅग्रिड उघड्यावर आहे आणि इथे उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडल्या की अशा राइड थांबवतात, तेव्हा सकाळी दार उघडताच आधी तिकडे पळायचं. तिसरा दिवस काढता आला तर काकूंना मी आणि आरती मॅजिक किंगडमला नेतो, तुम्ही चौघं एव्हरेस्ट करा.

आता तुझं काम. हॅग्रिडला आणि फॉरबिडन जर्नीला किमान ४८ इंच उंची लागते, एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेजला ४४, राइज आणि स्पायडरमॅनला ४०. ओजसची आणि मीराची उंची भिंतीला टेकवून नीट मोजून कळव, म्हणजे त्याप्रमाणे तिकिटं काढतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
संजू