सगळे 'ठीक' असलेली घरसभा

प्रिय बेटा,

प्रभू येशूच्या नावात आशीर्वाद.

पाळकसाहेबांनी सेल ग्रुपची, म्हणजे चर्चच्या लोकांच्या घरी भरणाऱ्या छोट्या प्रार्थनागटाची, जबाबदारी तुझ्यावर टाकली, याचा मला आणि मम्मीला आनंद झाला. तुझी तक्रार वाचून मात्र हसू आलं. सगळे वेळेवर येतात, गीतं मनापासून म्हणतात, बायबलच्या वचनावर अगदी बरोबर उत्तरं देतात, आणि 'कसं चाललंय?' विचारलं की 'प्रभूची कृपा आहे' म्हणून गप्प. प्रार्थनेच्या विनंत्या मागितल्या की कुणाच्या चुलत्याचं ऑपरेशन, कुणाच्या शेजारणीच्या मुलाची परीक्षा. स्वतःबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून तू आता एक खास बैठक ठरवते आहेस, ज्यात प्रत्येकाने आपल्या आयुष्यातली सर्वांत कठीण गोष्ट सांगायची. ती बैठक घेऊ नकोस, एवढंच सांगायला हे पत्र लिहायला घेतलं. पण कारण सांगितल्याशिवाय तू ऐकणार नाहीस, म्हणून लांबणार आहे.

त्या चुलत्याच्या ऑपरेशनला तू फार कमी लेखतेस. माणूस आधी लहानशी गोष्ट पुढे ठेवतो आणि तिचं काय होतं ते बघतो. पुढच्या आठवड्यात कोणी विचारलं का? की 'आमेन' म्हणून झालं आणि चुलता सगळ्यांच्या डोक्यातून गेला? जो ग्रुप चुलत्याला विसरला, त्याच्यापुढे तो आपल्या नवराबायकोच्या भांडणाबद्दल कशाला बोलेल? म्हणून एक वही कर. कोणी काय मागितलं ते घरी गेल्यावर लिहून ठेव, आणि आठवड्याच्या मधल्या वारी एकेकाला फोन कर. ऑपरेशन झालं का, दवाखान्यात कोण थांबतंय, तुला रजा मिळते का, खर्चाचं कसं जमवलं? पुष्कळदा या शेवटच्या प्रश्नावर माणूस थांबतो, आणि मग कर्जाची गोष्ट निघते. ती बैठकीत निघाली नसती.

अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये जे 'क्लास' म्हणजे छोटे गट होते, त्यांची सुरुवात मला म्हणूनच फार आवडते. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्यांच्या सभागृहावर कर्ज होतं. कॅप्टन फॉय नावाच्या एका सभासदाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी, म्हणजे तिथलं एक छोटं नाणं, द्यावी. गरिबांना तेवढंही झेपणार नाही, असं कोणीतरी म्हणालं. तेव्हा तो म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांच्याकडे मी दर आठवड्याला जाईन, ज्यांना जमणार नाही त्यांची पेनी मी भरेन. बाकीच्यांनीही तसंच केलं. आता वर्गणी गोळा करायला घरोघरी जायचं म्हणजे दारात काय काय दिसतं बघ. कोण बायकोशी भांडतोय, कोण दारू पिऊन पडलाय, कुणाचे हाल चाललेत. हे वेस्लींच्या कानावर आलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच. पुढे घरोघरी फिरणं फार वेळखाऊ होऊ लागलं, म्हणून त्या बारा-बारा जणांनी एकत्र भेटायला सुरुवात केली. म्हणजे ओळख आधी झाली होती, बैठक नंतर आली. आपल्याकडे आधी बैठक भरते आणि ओळख तिथेच, त्या दीड तासात व्हावी अशी आपली अपेक्षा असते.

आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. त्या क्लासमध्ये सगळ्या प्रकारची माणसं एकत्र असत, पण आठवडाभरात कोणतं पाप घडलं हे उघडपणे विचारायचं, ते तिथे नाही. त्यासाठी 'बँड' म्हणून वेगळे, आणखी छोटे गट होते. पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या, लग्न झालेले वेगळे, न झालेले वेगळे, आणि यायचं ते आपल्या इच्छेने. 1738 साली लिहिलेल्या त्यांच्या नियमांत असंही आहे की आधी एकाने स्वतःची स्थिती सांगावी आणि मगच इतरांना विचारावं. इतके कडक शिस्तीचे लोक, पण बारा जणांसमोर मन उघडं करायची सक्ती त्यांनीही केली नाही! 'आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा' असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे खरं. ते सगळ्या ग्रुपसमोर गोल बसूनच करायला हवं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. प्रभूलाही बघ. बारा शिष्य असताना गेथशेमाने बागेत तो तिघांनाच पुढे घेऊन गेला आणि आपला जीव किती खिन्न झाला आहे हे त्यांना सांगितलं. ते तिघेही झोपी गेले, हा भाग वेगळा.

म्हणून तुझ्या ग्रुपमध्ये दोघं-दोघं, तिघं-तिघं प्रार्थनेला बसू देत, आणि जोड्या तू ठरवू नकोस. सुरुवात तुझ्यापासून होऊ दे, पण बेताने. पुढारी पहिल्याच दिवशी रडून सगळं सांगायला लागला की इतरांना दडपण येतं. आपणही एवढं काढून दाखवायला हवं की काय, असं त्यांना वाटतं. या आठवड्यात ऑफिसात चिडचिड झाली, प्रार्थना झाली नाही, एवढं खरं खरं सांगितलंस तरी पुरे.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते. ग्रुप मोडतो तो न बोलण्याने क्वचितच. बोललेलं बाहेर गेल्याने मोडतो. आणि आपल्या मंडळ्यांत ते चहाडी म्हणून बाहेर जात नाही, प्रार्थना म्हणून जातं. 'अमकीसाठी प्रार्थना करा हं, तिच्या घरी फार वाईट चाललंय.' डोळे मिटून, हात जोडून, नावागावासकट! व्हॉट्सअ‍ॅपवर तर एका बोटाने तीन ग्रुपांत पोचतं. तेव्हा पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांग: ज्याची गोष्ट आहे त्याने होकार दिल्याशिवाय ती ग्रुपवर टाकायची नाही, नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायची नाही, पाळकसाहेबांनाही नाही. डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकांनी 1935 पासून तेव्हाच्या जर्मनीत फिंकेनवाल्ड इथे तरुण पाळकांना एकत्र राहून शिकवलं. 1937 मध्ये हिटलरच्या गुप्त पोलिसांनी ती जागा बंद केली. तिथे एक साधा नियम होता: गैरहजर असलेल्या भावाबद्दल बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर नंतर त्याला जाऊन सांगायचं. नियमाचा दुसरा अर्धा भाग जास्त कामाचा आहे. एकदा जाऊन सांगावं लागलं की पुढच्या वेळी जीभ आपोआप आवरते.

याला अपवाद आहेत, आणि तेही त्याच दिवशी सांगून टाक, नंतर नको. कुणाला घरी मारहाण होत असेल, लहान मुलाला कोणी त्रास देत असेल, कोणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर ते गुपित राहणार नाही. तिथे योग्य मदत बोलवायची, आणि शक्यतो त्या व्यक्तीला सांगून, तिच्यासोबत जाऊन. मार खाणाऱ्या बाईला 'सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल' असं सांगणारे आपल्यात कमी नाहीत. तुझ्या ग्रुपमध्ये ते कोणी बोललं तर तिथल्या तिथे थांबव, समोर वडीलधारे असले तरी.

कोणी खरंच काही सांगितलंच, तर वचन फेकून मारू नका. 'देव सगळ्या गोष्टी मिळून चांगल्यासाठीच करतो' हे खरं आहे, पण कालच नोकरी गेलेल्याला ते आज ऐकवायचं नसतं. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. ते बोलायला लागले तिथून पुढे सगळं बिघडलं. आणि सांगणाऱ्याला लगेच कोणी प्रार्थनेने आवरतं घ्यायचं नाही, हेही बघ. आपल्याला अवघडलं की आपण 'चला, प्रार्थना करू या' म्हणतो, आणि त्याचं बोलणं अर्ध्यावरच राहतं.

अति बोलणारा एक प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला बैठकीत अडवू नकोस, वेगळं भेटून सांग.

बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात एकमेकांची ओझी वाहायला सांगितलंय आणि तीनच वचनं पुढे प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा असंही म्हटलंय. लोक यातलं एक उचलतात, दुसरं सोडतात. तू तर पहिलंच उचलशील, मला माहीत आहे. लहानपणापासून तुझा तोच स्वभाव. रात्री-अपरात्री सगळ्यांचे फोन तूच घ्यायचे असं होऊ देऊ नकोस. ज्याच्या चुलत्याचं ऑपरेशन आहे त्याला ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणीतरी फोन करावा, दवाखान्यात तिसऱ्याने जावं. वही तुझ्याकडे असू दे, पण कामं वाटून दे. सगळं तुझ्यामार्फत होत राहिलं तर ती माणसं तुला ओळखतील, एकमेकांना नाही.

ती खास बैठक रद्द केल्याचं ग्रुपला कळवताना कारण देत बसू नकोस, नेहमीसारखे भेटू या एवढंच सांग. आणि चुलत्याचं ऑपरेशन कधी आहे ते मलाही कळव, आम्ही दोघं प्रार्थना करतो.

तुझे,
पप्पा