रिळावर नसलेला मराठी आवाज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जुन्या मराठी चित्रपटांच्या प्रती दुरुस्त करून त्या पुन्हा दाखवल्या जात असल्याचा लेख आला. वाचून फार बरं वाटलं. पण ज्या फिल्मांची आठवण कुणालाच राहिलेली नाही, त्यांच्याबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून हे पत्र. साबण, रॉकेल, वनस्पती तूप, चहा, खत, पंप असा माल करणाऱ्या कंपन्यांनी पदरच्या पैशाने काढलेल्या आणि गावोगाव फुकट दाखवलेल्या त्या दहा-दहा मिनिटांच्या फिल्मा. मी त्या दाखवणारा माणूस. १९६२ साली, एकोणिसाव्या वर्षी, प्रचारगाडीवर हेल्पर म्हणून लागलो, दोन वर्षांनी ऑपरेटर झालो आणि १९७८ पर्यंत सांगली, सातारा, सोलापूर या तीन जिल्ह्यांत फिरलो. गाडी एका ठेकेदाराची, फिल्मा निरनिराळ्या कंपन्यांच्या.

दिवस मावळायच्या आत गाव गाठायचं, चावडीपुढे नाहीतर देवळापुढे दोन वासे रोवून पडदा ताणायचा, जनरेटर आवाज ऐकू येणार नाही इतका लांब नेऊन ठेवायचा. विटा, आटपाडी, दिघंची, जत. खरसुंडीच्या आणि म्हसवडच्या यात्रेत तर रात्रीतून तीन-तीन खेळ. पडद्याच्या पुढे पुरुष आणि पोरं, मागच्या अंगाला बायका. मागून चित्र उलटं दिसायचं. डाव्या हाताने पीठ मळणारी बाई बघून त्या आपसात कुजबुजायच्या, ते मला आजही ऐकू येतं.

फिल्म सोळा मिलिमीटरची. चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालायचं. त्यावरचा आवाज इंग्रजी, नाहीतर हिंदी. आमच्या माणदेशात तेव्हा तो कुणाला कळणार? म्हणून ठेकेदाराचा हुकूम होता की रिळाचा आवाज बंद करायचा आणि ऑपरेटरने माइक धरून मराठीत सांगायचं. कंपनीकडून टाइप केलेला एक कागद यायचा. त्यातला माल कुठला आणि किंमत किती एवढंच कामाचं, बाकी मजकूर पुस्तकी. तो मी पहिल्या महिन्यातच बाजूला ठेवला. स्टोव्ह पेटवायची फिल्म असली की, "काकडा पेटला, आता घाई नको, वाटी तापू द्या, मग पंप मारा," असं बोलत जायचो. दिघंचीला एक म्हातारी पडद्यावरच्या बाईवरच ओरडली, "अगं आधी पिन मार की!" पिन मारायचं फिल्ममध्ये खरोखरच राहून गेलं होतं. पुढच्या गावापासून ते मी माझ्या बोलण्यात घातलं.

यातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. रॉकेलचे डबे कारखान्यात कसे तयार होतात, अशी एक फिल्म आमच्याकडे होती. रॉकेल संपल्यावर तो चार गॅलनचा डबा गावात काय काय व्हायचा हे आपल्या जुन्या वाचकांना सांगायला नको. पाणी त्यानेच शेंदायचं, धान्य त्यात, घरावर पत्रा त्याचाच. विट्याच्या बाजारात ती फिल्म चालू असताना एक पत्र्याचे डबे आणि चाळण्या करणारा कारागीर उठून माझ्या गाडीशी आला आणि म्हणाला, "ती शिवण पुन्हा दाखव. यंत्रानं कड कशी मुडपली ते बघू दे." मी रीळ मागे घेऊन दाखवलं. त्याचं समाधान होईना. "जरा थांबीव," म्हणाला. मी तरुण, मला हौस, मी फिल्म थांबवली. मागे साडेसातशे वॅटचा दिवा. दोन सेकंदांत पडद्यावर मधोमध तपकिरी डाग उठला, दुधावर साय फुगावी तसा फुगला आणि शिवणीच्या जागी पांढरं भोक राहिलं.

रात्री कंदिलाच्या उजेडात जळालेल्या पाच चौकटी कात्रीने कापल्या, टोकावरचा मसाला, म्हणजे चित्र उमटतं तो थर, पात्याने खरवडला, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोड दिला. पाच चौकटी म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग. पण सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्राचा आवाज सव्वीस चौकटी पुढे छापलेला असतो, त्यामुळे त्या जोडापाशी इंग्रजी शब्दही तुटला. ठेकेदाराने माझ्या पगारातून आठ रुपये कापले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कारागिराच्या पालावर जाऊन बसलो. काय बघायचं होतं त्याला, हे मला कळून घ्यायचं होतं. त्याने पत्र्याचा वीतभर तुकडा घेतला. एक कड आत मुडपली, दुसरी बाहेर मुडपली, दोन्ही एकमेकींत अडकवल्या, वरून लाकडी मोगरीने ठोकून बसवल्या आणि मग डाग दिला, म्हणजे कथील वितळवून सांधा भरला. "नुसत्या डागावर डबा टिकत नाही. पाण्याचा भार आला की उकलतो. भार मुडपीनं घ्यायचा, डागानं फक्त गळती थांबवायची," तो म्हणाला. मी तो तुकडा मागून घेतला. त्यानंतर ती फिल्म जिथे जिथे लावली तिथे जोडाच्या आधी सांगायचो, "आता शिवणीकडं बघा, भार मुडप घेणार आहे," आणि तुकडा लोकांत फिरवायला द्यायचो. कंपनीच्या कागदात हे वाक्य नव्हतं, इंग्रजी आवाजातही नव्हतं. ते विट्याच्या त्या माणसाचं होतं.

मला सांगायचं आहे ते नेमकं हेच. या फिल्मांच्या प्रती कुठे ना कुठे सापडतीलही. पण आपल्या लोकांनी त्या ज्या आवाजात ऐकल्या तो आवाज कुठल्याच रिळावर नाही. तो आम्हा ऑपरेटरांच्या तोंडी होता. माझ्याबरोबरचे बहुतेक गेले.

या नुसत्या जाहिराती होत्या असं कुणी म्हणू नये. माझ्या नातवाने मध्यंतरी मोबाइलवर १९४१ सालची एक फिल्म लावून दिली, 'टिन्स फॉर इंडिया'. रॉकेल-पेट्रोल विकणाऱ्या बर्मा-शेल कंपनीसाठी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने काढलेली. तिच्यातही रॉकेलचे डबेच. दिग्दर्शक कोण, तर बिमल रॉय! बारा वर्षांनी 'दो बीघा जमीन' करणारे तेच. मी दाखवायचो ती फिल्म निराळी, पण पत्रा वाकतो तो क्षण बघून मी खुर्चीत सरसावून बसलो. बर्मा-शेलने पुढे पन्नाशीच्या दशकात मुंबईत स्वतःचा फिल्म विभागच काढला आणि तो चालवायला कॅनडाहून जेम्स बेव्हरिज यांना आणलं. टाटांच्या पोलाद कारखान्यावरची फिल्म हरिसाधन दासगुप्तांनी केली, तिचा कॅमेरा फ्रान्सच्या क्लोद रेन्वार यांनी धरला होता. डालड्याच्या प्रचाराला तर १९३९ सालीच फिल्म होती आणि डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यातून फिरायची. आमच्या गाड्या तिच्याच पुढच्या पिढीतल्या. इतकी मोठमोठी माणसं ज्या कामाला लागली, त्या कामाची साधी यादी आज आपल्याकडे मिळू नये?

सरकारी माहितीपटांना निदान घर होतं. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन निघाली, थिएटरात तिच्या फिल्मा दाखवणं सक्तीचं होतं आणि त्या पेडर रोडला सांभाळल्या गेल्या. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. कंपन्यांच्या फिल्मा कंपन्यांच्या गोदामांत राहिल्या आणि गोदामांचे मालक बदलत गेले. बर्मा-शेलच १९७६ मध्ये सरकारी झाली आणि पुढच्या वर्षी तिचं नाव भारत पेट्रोलियम झालं. अमेरिकेत रिक प्रेलिंगर नावाच्या गृहस्थांनी अशाच टाकून दिलेल्या हजारो फिल्मा गोळा केल्या आणि २००२ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, लायब्ररी ऑफ काँग्रेसने, तो संग्रह आपल्याकडे घेतला. एका माणसाने मनावर घेतलं तर एवढं होतं.

आमच्याकडे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. १९७८ ला ठेकेदाराने धंदा बंद केला तेव्हा रिळं किलोवर गेली. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते. आमच्या खानापूर-आटपाडीची निम्मी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पसरलेली, त्यामुळे भंगारवाला रिळं उघडून काळेपणा का बघतोय हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मी ठेकेदाराला विचारून दोन रिळं मागून घेतली. त्यातलं एक ते रॉकेलच्या डब्यांचं, माझ्या जोडाचं.

आता त्यातून आंबट वास येतो, लोणचं बिघडल्यासारखा. या फिल्मचा पाया कुजायला लागला की असा वास सुटतो, फिल्म आक्रसते, भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि प्रोजेक्टरवर चढवली की टरकते. शेजारच्या चांगल्या रिळालाही तो रोग लागतो. म्हणून ज्यांच्या घरी, दुकानात, कारखान्यात रिळांचे असे डबे असतील त्यांना हात जोडून विनंती आहे, प्रोजेक्टर मिळाला म्हणून ती चालवून बघू नका. वास येणारं रीळ वेगळं काढा, माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, घरातल्या गार, कोरड्या जागेत ठेवा आणि डब्यावर गावाचं नाव, साल, जे आठवेल ते लिहून चिकटवा.

कंपन्यांनी आपली जुनी गोदामं एकदा उघडून पाहावीत. आणि चित्रपटाचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनी रिळं शोधण्याआधी माणसं शोधावीत. कुठल्या तालुक्यात कोण ऑपरेटर होता हे त्या भागातल्या जुन्या किराणा दुकानदारांना बरोबर माहीत असतं, कारण गाडीचा मुक्काम त्यांच्याच ओट्यावर असायचा.

माझी दोन्ही रिळं मी द्यायला तयार आहे. पैसे नकोत. फक्त न्यायला येणाऱ्याने बरोबर रेकॉर्डर आणावा. डब्यांच्या फिल्मची अकरा मिनिटं मला अजून पाठ आहेत, पडदा समोर नसला तरी बोलता येतात. पत्र्याचा तो तुकडाही जपून ठेवला आहे. उन्हाळा लागला की वास वाढतो, त्याआधी कुणी आलं तर बरं.

आपला,
एक जुना ऑपरेटर
आटपाडी, जि. सांगली